लाभ धरून पंचवीस

त्या कॉइलला वेढे पंचवीसच होते. चिठ्ठीवर चोवीस लिहिले ते मी. एवढे कबूल करायला मला निवृत्तीनंतरही सात वर्षे लागली.

नांदेडच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवायचो. प्रयोगशाळेतले मामा कंत्राटी होते. आधी लातूरला आडतीवर धान्य मापायचे. विकतची कॉइल तुटली म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी प्लास्टिकच्या पाइपाच्या तुकड्यावर तांब्याची तार गुंडाळायला घेतली. मोजणी मोठ्याने चालली होती, "लाभ, दोन, तीन..."

"मामा, ही काय आडत आहे का?" मी चेष्टा केली.

"सवय हाय सर. पयलं माप लाभाचं."

शेवटी ते म्हणाले, "पंचवीस भरले बघा."

मला वाटले, 'एक' तर यांनी म्हटलेच नाही, म्हणजे वेढा एक कमी. मी देगलूरच्या मास्तराचा मुलगा, धान्याच्या मापाशी कधी संबंध आला नव्हता. पुन्हा न मोजता, त्यांना न विचारता मी चिठ्ठीवर २४ लिहिले आणि ती कॉइलवर चिकटवली.

दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. मुलांनी चिठ्ठीवरचे वेढे धरून सूत्राने इंडक्टन्स काढला. तीस मायक्रोहेन्री. परीक्षकांनी कॉइल मीटरला लावली. तेहतीस. चिमटे काढून पुन्हा लावले. पुन्हा तेहतीस. मुले लिहायची थांबली.

"सगळ्यांचं एकसारखंच चुकतंय," परीक्षक मला म्हणाले. "वेढे मोजा बरं."

मी टाचणीचे टोक तारेवरून सरकवू लागलो. विसाच्या पुढे गेलो आणि मला लाभ आठवला. तोच मामांचा 'एक' होता. सूत्रात वेढ्यांचा वर्ग येतो, एका वेढ्याने एवढा फरक पडणारच होता. मामा पाण्याचा ट्रे घेऊन दारात उभे होते. त्यांचे कंत्राट वाढवायचे कागद त्याच आठवड्यात प्राचार्यांच्या टेबलावर होते, आणि परीक्षकांचा शेराही तिथेच जाणार होता. हे मला माहीत होते. उरलेले वेढे मी मुद्दाम सावकाश मोजले.

"पंचवीस," मी म्हणालो. "मोजणीत चूक झाली."

"मोजले कोणी?"

"मामांनी."

शब्द खोटा नव्हता. मोजले त्यांनीच होते. मामा आत आले. ट्रे ठेवला, पेले एकेकाच्या पुढे सरकवले. परीक्षकांनी मुलांचे गुण सांभाळून घेतले आणि शेरा लिहिला. पुढच्या महिन्यापासून मामा दिसले नाहीत.

यंदा मुलाकडे लातूरला राहायला आल्यावर मी त्यांचा पत्ता काढला. एका डाळमिलच्या फाटकावर ते रखवाली करतात. खुर्ची मला दिली, स्वतः पालथ्या डब्यावर बसले. मी लाभाची सगळी हकिगत सांगितली.

"तवाच कळलं व्हतं," ते म्हणाले. "चिठ्ठीवर अक्षर तुमचं व्हतं की."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो व्हतो."

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. ते उठले.

"मी हे लेखी देतो, मामा."

"आता कुणाला देता सर?" फाटक ढकलता ढकलता त्यांनी विचारले.

घरी आलो आणि हे लिहायला बसलो.