दुकानातल्या लॅपटॉपवर बायकोची अक्षरं

मंडळी, आज दुपारी जे बघितलं ते सांगितल्याशिवाय राहवत न्हाई.

आमची लेक दीक्षा कॉलेजला निघालीय, म्हणून तिला घेऊन नेकनूरहून बीडला लॅपटॉप बघायला गेलतो. दुकानदारानं दोन पुढ्यात ठेवले. एक नेहमीचा, दुसरा हलका. हलक्यात सगळं इंटरनेटवरच साठवायचं.

दीक्षानं हलक्यावर तिचं खातं उघडलं, तर घरी आईच्या फोनवर लिहिलेला निबंध जसाच्या तसा समोर! तिनं लगेच आईला फोन लावला. "आई, माझा निबंध उघड अन् बघत राहा." मग इकडं टाइप करायला लागली.

तिकडून आई ओरडली, "अगं बाई, हितं आपोआप अक्षरं उमटायलेत!"

"आता तू लिही."

मग आमच्यासमोर एकेक अक्षर उमटलं : "दिक्षा बाळा खुप शिक."

शाळा सुटल्यापासून सहीशिवाय काही न लिहिलेली माझी बायको नेकनूरहून लिहीत होती!

दुकानदार म्हणला, "नेट असलं तर हे नेहमीच्यावर बी होतं." आमच्याकडं नेटचा भरवसा न्हाई, म्हणून नेहमीचाच घेतला.

घरी आलो तर निबंधाखाली हिनं अर्धं पान लिहिलेलं, सुटलेल्या शाळेबद्दल. म्हणलं, "एवढं कसं आठवलं तुला?"

"विसरलेच कवा होते?"

तुमच्या घरातल्या माणसांनी शेवटचं कधी काही लिहिलंय, विचारलंय का कधी?