मंजुळाआक्काचा हत्ती आणि निम्म्या दरातलं केरळ

"मॅडम, फक्त बघून सांगा. खरं हाय का खोटं, एवढंच," असं म्हणत काशीनाथशेठने मोबाइल माझ्या टेबलावर सरकवला आणि माझं डोकं तिथेच तापायला लागलं.

मी पेणला एसटी स्टँडजवळच्या एका गाळ्यात बावीस वर्षं तिकिटं आणि सहली बुक करते. लोक दुसऱ्या कुणाचं तरी पॅकेज घेऊन माझ्याकडे येतात, माझ्याकडून ते तपासून घेतात, माझा चहा पितात आणि बुकिंग तिसरीकडेच करतात. एका डॉक्टरची चिठ्ठी दुसऱ्या डॉक्टरकडून फुकट वाचून घ्यावी, तसला हा प्रकार. त्यामुळे "फक्त बघून सांगा" ऐकलं की माझ्या तोंडाची चवच जाते.

मोबाइलवर केरळ होतं. पाच रात्री, सहा दिवस. वर एक मोठा आकडा, त्यावर लाल काट, खाली बरोबर निम्मा आकडा. त्याच्या खाली सेकंदासेकंदाला कमी होणारं घड्याळ. मागे फोटो, नदीत बसून सोंडेने पाणी उडवणाऱ्या हत्तीचा.

काशीनाथशेठचा जोह्याला गणपतीचा कारखाना. सहा बायका त्याच्याकडे रंगकाम करतात. गणपती दीड महिन्यावर आले होते आणि या वर्षी काम वेळेत उरकलं तर विसर्जनानंतर सगळ्यांना फिरायला नेईन, असं तो बायकांसमोर बोलून बसला होता. आता बायका रोज आठवण करून देत होत्या.

त्यांच्यातली एक त्याच्याबरोबर आली होती. मंजुळाआक्का. दारातल्या खुर्चीवर अंग चोरून बसलेली, नखांत पिवळा रंग. ती आखणी करते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. बाकी रंग कुणीही देईल, पण डोळे बिघडले तर अख्खी मूर्ती बाद. तीस वर्षं ती हेच काम करत होती. आता तिच्या स्वतःच्या डोळ्यांना सारखं पाणी यायचं आणि डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला सांगितलं होतं.

"तुम्हाला काय बघायचंय, आक्का?" मी सहज विचारलं.

"मना हत्ती बघाचा हाय," ती म्हणाली. "खरा. जवळून. एवढे डोले काढले, पण ज्याचे काढले तो कदी बघितलाच नाय."

मी मोबाइल पुन्हा हातात घेतला. "दोन दिवस द्या," म्हणाले. फुकटचं काम मी अंगावर घेत होते आणि ते मला चांगलं कळत होतं.

पहिलं काम बारीक अक्षरं वाचायचं. जाहिरात मोठ्या अक्षरात असते आणि सहल बारीक अक्षरात. तिथे लिहिलं होतं 'एक्स-कोची'. म्हणजे सहल कोचीला सुरू होते आणि कोचीलाच संपते. जोह्यापासून कोचीपर्यंत तुम्ही उडत या नाहीतर चालत या, कंपनीला देणंघेणं नाही. पुढे 'ट्विन शेअरिंग', म्हणजे दर माणशी असला तरी एका खोलीत दोघं. पहिला दिवस 'अरायव्हल', शेवटचा 'डिपार्चर'. पोचायचा आणि निघायचा दिवस धरून सहा दिवस होतात. फिरायचे उरतात चार.

दुसरं काम, थेट हॉटेलला फोन. नाव जाहिरातीत होतंच. रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं, गणपतीनंतरच्या पंधरवड्यात खोली केवढ्याला? तिने दर सांगितला. कंपनीने निम्मा करून दाखवलेल्या दरात खोलीचा हिशेब जेवढा होता, तेवढाच. ती म्हणाली, "त्या दिवसांत आम्ही सगळ्यांनाच हा रेट देतो. पाऊस असतो, टुरिस्ट नसतात." आपल्याकडची माणसंही तेव्हा पितृपक्षातले म्हाळ सोडून कुठे जात नाहीत. थोडक्यात, तो खोडलेला वरचा आकडा कधी जन्मालाच आला नव्हता.

तिसरं काम, कंपनीला फोन.

"सर, हत्तीचं काय?"

"हत्ती आहे ना, मॅडम."

"जवळून बघायला मिळेल?"

"मॅडम, हत्ती ऑप्शनल आहे."

ऑप्शनल म्हणजे ज्याचे पैसे वेगळे आणि ज्यासाठी गाडी थांबेलच असं नाही. मी विचारलं, "मग फोटोत कशाला आहे?"

"तो रेप्रेझेंटेटिव्ह आहे, मॅडम. नमुन्यादाखल. ऑफर संध्याकाळी सहापर्यंत आहे."

"काल पण सहापर्यंतच होती."

त्याने फोन ठेवला.

चौथं काम मला टाळायचं होतं. याच कंपनीबरोबर आधी जाऊन आलेलं माणूस गाठायचं. असा माणूस मला माहीत होता. रोह्याचे साळवीकाका, धाटावच्या कंपनीतून रिटायर झालेले. मागच्या वर्षी त्यांनीही मोबाइल माझ्या टेबलावर असाच ठेवला होता. मी तेव्हा गणपतीच्या तिकिटांच्या गर्दीत होते. वर न बघताच म्हणाले होते, "ठीक वाटतंय, जा." त्यानंतर ते माझ्याकडे फिरकले नव्हते.

तरी दुसऱ्या दिवशी रोह्याला गेले. काकांनी दार उघडलं आणि म्हणाले, "या. तुम्हीच ना त्या, ठीक वाटतंयवाल्या?"

मी मान खाली घालून आत गेले. काकू पोहे करायला उठल्या, पण बोलायच्या थांबल्या नाहीत. "पोचलो तर खोलीची चावीच देईनात. आधी म्हणे मीटिंग. दोन तास क्लबचं मेंबर व्हा, मेंबर व्हा. यांची शुगर वाढली."

"आणि हत्ती?" मी विचारलं.

काकांनी मोबाइलवर फोटो काढून दाखवला. बसची ओली काच आणि तिच्यापलीकडे राखाडी डाग.

"हा हत्ती?"

"हा त्याचा मागचा भाग," काका म्हणाले. "ड्रायव्हरने थांबायला नकार दिला. फोटो स्टॉप होता, पण चालत्या गाडीतून."

काकांचा राग रास्त होता. माझ्या एका बेफिकीर वाक्यावर ती दोघं तिथपर्यंत गेली होती. मी माफी मागितली. ते म्हणाले, "आता निदान दुसऱ्याला तरी नीट सांगा."

परत येताना मी ठरवलं की या सहा बायकांची सहल मीच बसवणार. घाई न करता नीट बसवली. पनवेलहून जाण्यायेण्याची रेल्वे, सहाजणींच्या घरचे म्हाळ सांभाळून मधले दिवस, साधी स्वच्छ खोली, दोन वेळचं जेवण आणि हत्तींच्या कॅम्पवर अख्खी सकाळ. नदीत हत्ती धुवायचा, खायला घालायचं, सगळं धरून. माझा चार्ज त्यात स्वच्छ लिहिला. रेल्वे धरूनही आकडा त्या निम्म्या दराच्या थोडासाच वर गेला.

काशीनाथशेठ आणि मंजुळाआक्का आले. मी सगळं समजावून सांगितलं. एक्स-कोची, ऑप्शनल, साळवीकाकांच्या फोटोतला मागचा भाग. शेठने शांतपणे ऐकलं. मग माझा कागद उचलून म्हणाला, "यात किती सोडाल?"

"काही नाही. हाच दर आहे."

"बिलकूल नाय?"

"बिलकूल नाही. वाढवून लिहिलंच नाही, तर सोडू काय?"

"पण तो निम्म्यात देतोय, मॅडम!"

"निम्मं कशाचं? शेठ, मागच्या गणपतीत मी तुमच्या कारखान्यात उभी होते. त्या मुंबईच्या जोडप्याला तुम्ही दुप्पट सांगितलेत आणि 'तुमच्यासाठी' म्हणत उतरलात. हे तेच आहे."

शेठला राग आला नाही. उलट मला समजावायला लागला. "ती रीत हाय, मॅडम. कमी नाय केलं तर गिऱ्हाइकाला वाटतं, आपला मान नाय ठेवला. आमच्याकडं पयला भाव कुणी देत नाय आन् कुणी घेत नाय. तुमी एक रुपया सोडत नाय म्हंजे आमी तुमचे कोण लागलो?"

"तुम्ही गिऱ्हाईक लागलात!" माझा आवाज चढला. दोन दिवस फुकट घालवून, रोह्याला जाऊन बोलणी खाऊन, वर हे ऐकायचं? "तुम्हाला खोटा कमी केलेला भाव चालतो आणि खरा भाव अपमान वाटतो?"

"तसं नाय," तो उठत म्हणाला. "पण बायांना मी काय सांगू? डिस्काउंट सोडून आलो?"

ते गेले. मी कागद ड्रॉवरमध्ये फेकला. जाऊ दे म्हटलं, पाठ बघू देत हत्तीची.

पाच मिनिटांत मंजुळाआक्का परत आली. पिशवी खुर्चीवर विसरली होती. ती उचलून दारातच थांबली.

"मॅडम, शेठ फोनवरचाच घेतील. तुमी वाईट नका वाटून घेऊ."

"त्यात हत्ती नाही, आक्का. कळलं ना तुम्हाला?"

"व्हय. कळला ना. नसला तरी चालंल. बाकीच्या बाया कदी बाहेर गेल्या नाय. माझ्या हत्तीपायी त्यांचं जाणं कशाला मोडू?"

ती स्टँडकडे चालू लागली. मला स्वतःची चीड आली. मी दोन दिवस पॅकेज तपासत बसले होते. ज्याला ते विकायचं तो माणूस मी तपासलाच नव्हता. तीस वर्षं ज्याने एकही मूर्ती पहिल्या भावाने विकली नाही, त्याच्यापुढे मी पहिला भाव ठेवून हटून बसले होते.

बावीस वर्षांत न केलेलं काम मी तेव्हा केलं. नवा कागद घेतला. वर एक वाढीव आकडा लिहिला. लाल पेनने त्यावर काट मारली. खाली माझा तोच दर लिहिला आणि शेजारी 'जोहे स्पेशल' असं. हात लाजत होता, खोटं का सांगू. कागद घेऊन स्टँडवर धावले. जोह्याची गाडी लागली होती आणि शेठचा एक पाय पायरीवर होता.

त्याने कागद वाचला. लाल काट बघितली. चेहरा उजळला.

"आता कसं!" मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "मॅडम, आकडा तोच हाय ना?"

"तोच."

"मंग आदीच असं का नाय लिवलं?"

गाडी सुटली तेव्हा तो खिडकीतून आक्काला लाल काट दाखवत होता.

विसर्जनानंतर त्या सहाजणींना मी स्वतः घेऊन गेले. कॅम्पच्या सकाळी हत्तीण नदीत आडवी पडली होती. पाच जणींनी किंचाळत, हसत तिच्या पाठीवर पाणी ओतलं. मंजुळाआक्का गुडघाभर पाण्यातून सरळ तोंडाशी गेली. माहुताने आधी अडवलं, मग सोडलं. ती वाकली आणि किती तरी वेळ नुसती बघत राहिली.

"बारीक हाय गो डोला," ती शेवटी म्हणाली. "केवढा बारीक! भोवती सुरकुत्या, आन् पानी येतंय. माझ्यासारखं."

बायका हसल्या. ती हसली नाही. "तीस वर्षं मी गणपतीला नटीचे डोले लावले," म्हणाली आणि तिने आपला पिवळ्या नखांचा हात त्या डोळ्याखाली, जिथे ओलं होतं तिथे हळूच ठेवला. मला इतकं बरं वाटलं की दोन महिन्यांची चिडचिड तिथेच नदीत गेली.

पुढच्या वर्षी तिने आखणी सोडली. सोडण्याआधी एका लहान मूर्तीला मात्र तिने तिला हवे तसे डोळे काढले. बारीक, सुरकुतलेले, पाणावलेले. ती मूर्ती खपली नाही. एका गिऱ्हाइकाने तर डोळे लहान आहेत म्हणून भाव कमी करायला सांगितलं. मी गेले, पहिलाच भाव विचारला आणि तेवढेच पैसे पुढे केले.

काशीनाथशेठ नाराज झाला. "जरा तरी घासाघीस करा, मॅडम. असं घेतलं तर बरं नाय वाटत." शेवटी त्याच्या समाधानासाठी मी थोडं कमी करून घेतलं.

ती मूर्ती आता माझ्या टेबलावर असते. साळवीकाका पुन्हा यायला लागलेत. आणि कुणी मोबाइल सरकवून "फक्त बघून सांगा" म्हटलं, की मी आधी किती टक्के सूट ते बघत नाही. मूर्तीकडे बोट दाखवते आणि विचारते, "तुमचा हत्ती कुठला, ते सांगा. मग तो आत आहे की ऑप्शनल, ते बघू."