फक्कीतलं घर

आलापल्लीत एका साहेबाचा बंगला मी मक्त्याने, म्हणजे ठरल्या रकमेत बांधायला घेतला होता. भिंत उभी राहिली की साहेब म्हणायचा, "जरा तिकडे सरकवा." दोनदा पाडली, दोन्ही वेळा माझ्या खिशातून. तो राग अजून गेलेला नाही.

त्याच सुमारास वरोऱ्यात एक म्हातारा मिस्त्री दिसला. त्याने मोकळ्या जागेवर चुन्याच्या फक्कीने घर आखलं होतं आणि मालक-मालकिणीला त्यात शिदोरी सोडून जेवायला बसवलं होतं.

"बाई, चूल इथीच ना?"

"धूर सरळ खाटेवर येईन ना, भाऊ!"

त्याने न वाकता टाचेनेच रेघ पुसली आणि हसत दुसरी मारली.

मी विचारलं, "हे नाटक काऊन?"

"मक्त्याचं काम हाय. रोजीवर असतो तं मुकाट भित बांधली असती, मंग पाडलीबी असती. माह्या बापाचं काय जाते?"

आलापल्लीला परतलो तेव्हा ओसरी बांधायची राहिली होती. फक्की मारली, आत खुर्ची ठेवली, साहेबाला चहा दिला. दुपारपर्यंत त्याने ओसरी चार वेळा हलवली. मी प्रत्येक वेळी हात जोडून, अगदी मनापासून "हो साहेब" म्हणालो.