करंजाच्या डिझेलचे कॅन

अकोल्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी इंजिनांच्या लॅबमध्ये मदतनीस आहे. पोरं करंजाच्या तेलापासून बायोडिझेल करतात. ते पाण्यानं धुऊन त्यातला साबण काढायचं काम माझं. साध्या डिझेलवर इंजिन चालवलं की सायलेन्सरच्या तोंडाशी धरलेला गाळणकागद काळा होतो. त्यात पाचवा हिस्सा आमचं बायोडिझेल मिसळलं की नुसता राखाडी. हा फरक मी इतक्यांदा पाहिला आहे की कुणी शंका काढली तर मला राग येतो.

धाकटा भाऊ जठारपेठेतून शाळेची व्हॅन चालवतो. माझी लेक त्याच व्हॅननं जाते, आणि तिला दम्याचा त्रास आहे. म्हणून सरांची परवानगी काढून उरलेलं बायोडिझेल मी दर महिन्याला त्याला कॅन भरून देऊ लागले. वर्षभर दिलं. "ताई, आता गाडी धूरच नाई सोडत," असं तो सांगायचा आणि मी ते गल्लीतल्या आयांना सांगत मिरवायचे. लेकीचा खोकला मात्र हटेना. मी डॉक्टर बदलला.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी व्हॅन माझ्यासमोरून गेली. आमचं तेल मिसळलं की धुराला तळणीसारखा वास येतो. हा वास निव्वळ डिझेलचा होता. रविवारी गाळणकागद घेऊन मी त्याच्या अंगणात गेले आणि त्याला रेस द्यायला लावली. कागद काळाकुट्ट.

"मी देते ते टाकत काहून नाईस?"

"टाकतो न. पीयूसीच्या दिवशी. बाकीचं हिवरखेडले पाठवतो, सासऱ्याच्या विहिरीवरच्या पंपाले."

माझं तेल वावरातल्या मोकळ्या हवेत जळत होतं आणि माझी लेक धुरात खोकत होती. सख्ख्या भावानं मला वर्षभर मूर्ख बनवलं होतं. मी तसं तोंडावर बोलले. त्याला ते फार लागलं.

"अशी काहून बोलून राहिली? तुया पोरीले तं मी रोज समोर बसवतो. मांगं धूर येते."

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. मागच्या बाकांवर कोंबलेली पोरं त्या आयांची होती, ज्यांनी माझ्या शब्दावर ही व्हॅन लावली होती. आणि खरं सांगते, ते ऐकून आधी मला बरं वाटलं.