खिळ्यावरची पिशवी

आमच्या घरात नात यायच्या आधी एक बाहुली आली. खोक्यातून. कमरेपर्यंतचीच, रबरी, डोळे मिटलेले आणि गळ्याला भोक. मी ती हातात घेतली आणि चटका बसावा तशी खाली ठेवली. "अगो बाई, हे काय अभद्र घरात आणलंत?" मी सुनेवर ओरडले. तिच्या तीन वर्षांच्या लेकीच्या गळ्यालाही तसंच भोक होतं.

नातीची श्वासाची वाट जन्मापासून अरुंद. डॉक्टरांनी गळ्यातून नळी घातली होती, त्या नळीतून ती श्वास घ्यायची. आवाज फुटत नसे. रडली तरी नुसतं तोंड रडायचं. परळच्या हॉस्पिटलात तिचं इतकं आयुष्य गेलं की जगातली सगळी माणसं पांढरे कपडे घालतात असंच तिला वाटत असणार. शेवटी डॉक्टर म्हणाले, घरी न्या, पण एका अटीवर. कफाने नळी बंद झाली तर हॉस्पिटलात पोचायला वेळ मिळत नाही. त्या क्षणी नळी बदलू शकणारं माणूस कायम घरात हवं. ते माणूस तयार झालं की पोर तुमची.

ते माणूस म्हणजे डिलाईल रोडच्या चाळीतली एक पोरगी, पुढे आम्हा सगळ्यांची सिस्टर. नर्सिंग झालेलं, मोठ्यांच्या वॉर्डात काम केलेलं, पण एवढ्याशा गळ्याला तिने कधी हात लावला नव्हता. तिला शिकवणार कोण, तर दूरच्या शहरातल्या एक मॅडम. त्याही टॅबवरून.

मी जन्मभर पालिकेच्या शाळेत शिकवलं. घोडपदेवच्या अर्ध्या चाळीने माझ्या छड्या खाल्ल्यात. शिकवणं म्हणजे काय ते मला कोणी सांगायला नको. मी तोंडावर म्हटलं, "फोनवर बघून भाकरी थापता येत नाही, आणि ही नळी घालायला शिकणार? माझ्या नातीच्या गळ्यात?" मुलगा म्हणाला, "आई, जरा गप्प बसशील?" मी गप्प बसले, पण ओट्याशी. भाजी चिरत, पाठ करून, कान त्यांच्याकडे.

एक मोबाइल टेबलावर उभा केला. दुसरा कपडे वाळत घालायच्या दांडीला चिमट्यांनी उलटा टांगला, म्हणजे वरून सिस्टरचे हात दिसावेत. टॅबवर मॅडमचा चेहरा कमी आणि हातच जास्त दिसायचे, कारण त्यांच्यापुढेही तश्शीच बाहुली होती. पहिल्याच दिवशी ऐन वेळी माझ्या कुकरची शिट्टी झाली. सिस्टर दचकली. "आजी, गॅस बंद करता का जरा?"

टॅबवरून आवाज आला, "नको, राहू दे. घरात शिट्टी होणारच. हात थरथरायचा तर आत्ताच थरथरू दे."

हातातली सुरी तशीच राहिली. मनात म्हटलं, ही बाई मास्तरीण आहे हं.

त्यांची एक पद्धत होती, ती मी अजून विसरलेले नाही. त्या म्हणायच्या, "तुझा हात मला दिसतो, पण हाताला काय लागतं ते दिसत नाही. ते तू मोठ्याने बोलायचं. एकटी असलीस तरी बोलायचं." मग ती पोरगी बोलायची. पट्टी सोडली. जुनी काढली. नवी आत जातेय. अडलं.

"अडलं की?"

"ढकलायचं नाही. मागे घ्यायची, खांदे अजून उचलायचे, मान मोकळी करायची, मग पुन्हा."

हे दिवसातून किती वेळा चालायचं विचारू नका. एकदा तिचा बांध फुटला, बाहुलीवर डोकं ठेवून रडली. मॅडमनी तिला गोंजारलं नाही. "डोळे पूस, हात धू, पुन्हा." मी आलं घालून चहा केला आणि तिच्यापुढे आदळला. आदळला म्हणजे माझ्या भाषेत दिला.

आणि शिकवणी सुरू होताना, संपताना एकच प्रश्न. हजेरी घ्यावी तसा. "सुटी नळी कुठे आहे? बोट दाखव." पलंगाच्या उशाशी भिंतीत एक खिळा होता, त्यावर प्लास्टिकची पारदर्शक पिशवी. तिच्यात ऐन वेळी बदलायला दोन सुट्या नळ्या, एक नेहमीच्या मापाची आणि एक त्याहून बारीक, शिवाय कात्री आणि पट्ट्या. सिस्टर बोट दाखवायची. रोज. मला हसू यायचं, समोर तर लटकतेय, विचारायचं काय त्यात?

पोरगी मॅडमच्या परीक्षेत पास झाली आणि नात घरी आली. शिकवणी तरी थांबली नाही, आठवड्यातून दोनदा टॅब लागायचाच. नात पलंगावरून टकामका बघत बसायची.

संक्रांत आली. नातीची घरातली पहिली संक्रांत. मी तर हट्टालाच पेटले, बोरन्हाण करायचं म्हणजे करायचं. काळं झबलं शिवून घेतलं, हलव्याचे दागिने केले. सिस्टर म्हणाली, "आजी, बोरं-चुरमुरे डोक्यावरून नको ओतायला. एक दाणा नळीत गेला तर भारी पडेल. आणि हार नको, गळ्याजवळ काहीच नको."

माझं डोकं फिरलं. "आता आमच्या घरच्या रीती पण टॅबला विचारून करायच्या काय गो?"

"रीत करूया ना, आजी. मांडीवर ओतूया. नळीवर मी हात आडवा धरते, मोठी बोरं तेवढी घेऊ." शांतपणे बोलली. कधी उलटून बोलली नाही, हीच तिची खोड. अशा माणसाशी भांडता पण येत नाही. मी हार ठेवून दिला.

पण राग कुठेतरी निघतोच. दुपारी चाळीतल्या बायका यायच्या होत्या. सून गॅलरीत दारोदार बोलवायला गेली, सिस्टर मोरीत कफ ओढायचं सामान धुवत होती. मी पलंगाकडे बघितलं. नात झबल्यात बसलेली आणि बरोबर तिच्या डोक्यावर ती नळ्या-कात्रीची पिशवी. फोटोत पहिली तीच दिसणार. सणासुदीला घर कसं दिसावं! मी पिशवी काढली, लोखंडी कपाटात ठेवली आणि सवयीने कुलूप लावलं. आमच्या चाळीत दारं दिवसभर उघडी, जपायची वस्तू कपाटात आणि चावी कमरेला, असंच आम्ही वाढलो.

नात हात वर करून बोट दाखवायला लागली. मला वाटलं मुकुट हवाय. "हो गं बाय, घालते हां." मुकुट घातला. तरी हात वरच. मी तो हात धरला, त्यात हलव्याची बांगडी चढवली आणि मांडीवर ठेवून दिला.

मी वळून तिळगुळाचा डबा घेतेय तोवर सिस्टर मोरीतून धावत आली. तिला काय ऐकू आलं असेल? काहीच नाही. नळीतून श्वासाचा एक आवाज सतत यायचा, तो थांबला होता. माझ्या कानांना ते कळलं नाही, तिच्या कानांना कळलं. नातीची छाती आत ओढली जात होती, ओठ जांभळे. सिस्टरने कफ ओढायची बारीक नळी आत घातली, ती जाईना. "घट्ट कफ आहे, पूर्ण बंद," ती म्हणाली आणि तिने खिळ्याकडे बघितलं. खिळा रिकामा. मग माझ्याकडे बघितलं.

मी चावी कमरेतून ओढली. कुलपात जाईना. हात माझे राहिलेच नव्हते. देवा, मी काय केलं हे!

ती ओरडली नाही. तिने अॅप्रनच्या खिशातून एक बंद पाकीट काढलं आणि फाडलं. त्यात बारीक मापाची नळी. "आजी, चावी सोडा. टॉवेल खांद्याखाली. डोकं धरा."

आणि माझ्या हातांनी ते केलं. इतके दिवस पाठ करून ऐकलेलं सगळं हातांत होतं.

ती मोठ्याने बोलत होती. "पट्टी सोडली. जुनी काढली. नवी आत. अडलं." ती थांबली. बोट तसूभर पुढे गेलं नाही. मी मनात किंचाळत होते, घाल गं, ढकल! "ढकलायचं नाही," ती म्हणाली. "मागे घेतली. आजी, खांदे वर, अजून थोडे. आता जातेय. गेली."

फस्सकन हवा सुटली. खोकला आला, मग रंग आला, मग पोर बिनआवाजाची रडायला लागली. मी तिथेच फतकल मारून बसले. सून बायका घेऊन दारात आली तेव्हा सिस्टर पट्टी बांधून, ती फार आवळली नाही ना, ते आत करंगळी घालून बघत होती. टॅक्सीने परळला गेलो. डॉक्टरांनी तपासलं, नळी नीट बसवली म्हणाले, आणि संध्याकाळी घरी पाठवलं.

दोन दिवसांनी टॅब लागला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सुटी नळी कुठे होती?"

"एक माझ्या खिशात होती. घरात माणसं असतात, माणसं वस्तू हलवतात, एक अंगावर ठेव, असं तुम्हीच म्हणाला होतात." आम्हाला अपमान वाटेल म्हणून तिने हे कधी सांगितलं नव्हतं. "पिशवी मात्र जागेवर नव्हती. चूक माझी. मोरीत जाताना मी खिळा बघितला नाही."

अशा चुकीला पुन्हा पहिल्यापासून परीक्षा, आणि तोवर नात परत हॉस्पिटलात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तरी ती पोरगी खाली बघून उभी. एवढं मोठं मन कुठून आणतात ही माणसं? मी ओटा सोडून टॅबसमोर जाऊन उभी राहिले.

"मॅडम, तिचं ऐकू नका. पिशवी मी कपाटात कोंडली. फोटोत वाईट दिसते म्हणून."

मला वाटलं, आता छडी. जन्मभर मी दुसऱ्यांना दिली, आता घ्यायची. मॅडम एवढंच म्हणाल्या, "आजी, हात धुवून या आणि बाहुलीसमोर बसा. आजपासून तुम्हीही शिकायचं."

मी हात धुतले. सिस्टरने स्टूल सरकवून दिलं. दांडीवरच्या मोबाइलखाली माझे सुरकुतलेले हात धरले. टॅबवरून नेहमीचा प्रश्न आला, "सुटी नळी कुठे आहे? बोट दाखवा, आजी."

मी मान वर करायच्या आत पलंगावर हात वर गेला होता. नातीचा. बोट ताठ, नेमकं खिळ्याकडे. मॅडम हसल्या, सिस्टरही हसली, "ही दर वेळी दाखवते, माझ्या आधी!" मला हसता आलं नाही. तोच हात होता, तसाच वर केलेला. संक्रांतीला तो हात मी धरून, बांगडी घालून, खाली ठेवला होता.