बुटांतली वाळू

अग्निशमन अधिकाऱ्याच्या घरची सुट्टी दोरीला बांधलेली असते. सुट्टीतही बोलावणं आलं की निघायचं, म्हणून केंद्रावर झटकन पोचता येईल एवढाच समुद्र त्यांच्या वाट्याला. "त्यापलीकडचे समुद्र आम्ही कॅलेंडरवर बघतो," असं आई पाहुण्यांना सांगायची.

मुलीला घरात रेडिओ म्हणत. कुणाचाही आवाज ती हुबेहूब काढे, आणि बाबांचा तर तोंडपाठ. फोन कानाला लागला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "माणसं आहेत का आत?" घरात दूध उतू गेलं की रेडिओ घसा जाड करून तेच विचारायची, आणि आई हातातल्या फडक्यासकट हसत सुटायची.

यंदाही किनाऱ्यावरची तीच खोली, तोंड रस्त्याकडे करून लावलेली तीच गाडी. दाराशी बाबांचे आगीचे बूट आणि त्यांच्यावर गुंडाळून खाली सरकवलेली जाड पँट. पाय खुपसायचे, पँट वर ओढायची, पळायचं. "माझा अर्धा नवरा कायम दारात उभा," आई म्हणायची.

रेडिओला एकच हवं होतं. बाबांनी एकदा तरी आपल्याबरोबर पाण्यात शिरावं. आजवर ते घोट्यापर्यंत यायचे, खिशातल्या फोनवर हात ठेवून.

"या खेपेला कमरेपर्यंत," सकाळी बाबा म्हणाले. "जेवण झालं की."

"नक्की?"

"अगं, नक्की म्हणजे नक्की."

पण रेडिओचा भरवसा बसेना. तिला एक ठाऊक होतं: पुष्कळदा बाबा गाडीपर्यंत पोचतात न पोचतात तोच दुसरा फोन यायचा, 'साहेब, राहू द्या, विझली.' तेवढा वेळ त्यांना दारातच अडकवलं, तर? तिने दोन्ही बुटांत मूठ मूठ ओली वाळू टाकली आणि पँट होती तशी सारखी केली. बूट झटकायला बाबा बसतील, वैतागतील, मग हसतील. तोवर येईलच दुसरा फोन.

ताटं उचलताना फोन वाजला.

"माणसं आहेत का आत?" बाबांनी विचारलं. पलीकडचं ऐकताना त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. त्यांनी बुटांत पाय खुपसले, क्षणभर थबकले, टाच जमिनीवर दोनदा आपटली आणि निघाले. बसले नाहीत. झटकलं नाही. दुसरा फोनही आला नाही.

दारातली जागा रिकामी झाली. दुपारभर रेडिओने कुणाचा आवाज काढला नाही. "काय गं, सेल संपले का?" आईने विचारलं.

उन्हं कलल्यावर बाबा आले. अंगाला धुराचा वास. पायरीवर बसून त्यांनी बूट ओढून काढले, तर मोजे लाल झालेले.

"अहो, हे काय!" आई खालीच बसली. "पार सोलून निघालेत की पाय."

"वाळू गेली होती आत."

"गेली नव्हती," रेडिओ म्हणाली. "मी घातली."

बाबांनी हातातला बूट खाली ठेवला. मग तिने तोच नेहमीचा प्रश्न विचारला. घसा जाड करावा लागला नाही, तो आपोआपच झाला. "बाबा, माणसं होती का आत?"

"एक आजोबा होते."

"होते?"

"गेले."

"वाळूमुळे? उशीर झाला तुम्हाला?"

"नाही. फोन यायच्या आधीच धुराने गुदमरले होते. उडत गेलो असतो तरी हाती लागले नसते."

रेडिओ कान देऊन ऐकत होती. समजूत घालताना बाबांचा आवाज शेवटी वर जातो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तो वर गेला नाही.

"पण पुढच्या वेळी कुणी जिवंत असेल," बाबा म्हणाले. "बुटांना हात लावायचा नाही. कधीच नाही."

तिने मान हलवली. बाबांनी बूट उलटे करून शेवटच्या कणापर्यंत आपटले, पँट चढवून दारात उभे केले आणि फोन आईच्या हातात दिला.

"अहो, मीठ लागेल पायांना!"

"कमरेपर्यंत म्हणालो होतो."

आई फोन मुठीत धरून, रस्त्याकडे तोंड करून, वाळूत उभी राहिली. पहिली लाट आली तसे बाबांनी डोळे घट्ट मिटले.

"झोंबतंय?" रेडिओने त्यांचा हात धरला.

"फार." त्यांनी श्वास आत ओढला. "चल, अजून थोडं."