थंड मोटार दाखवा

एका शनिवारी सकाळी आमच्या लालबागच्या ताडाच्या चाळीत नळावर बातमी फुटली की, तिसऱ्या मजल्यावरच्या अंबिकामावशीनं जर्मन मोटार घेतली आणि ती मोटार रॉकेलवर चालते. दुपारपर्यंत एका मोटारीच्या दोन झाल्या. संध्याकाळी तळमजल्यावरची मालन पेढ्यांचा पुडा घेऊन धापा टाकत वर आली आणि म्हणाली, "अंबिके, माझ्या भाचीच्या वरातीला गाडी तुझीच हां! रॉकेल आम्ही घालू, तू काळजी नको करू."

खरं सांगायचं तर मोटार घेणं लांबच, मावशीनं तोवर ती पाहिलीसुद्धा नव्हती. त्या सकाळी तिनं नळावर आपल्या धाकट्या भावाला, धोंडूला, एवढंच विचारलं होतं, "रे धोंड्या, डिझेलची गाडी म्हणजे काय ता?" धोंडू बसच्या डेपोत मिस्त्री. त्यानं रॉकेलचं उदाहरण दिलं आणि बादल्या भरणाऱ्या बायकांनी बाकीचं काम केलं. पेढे मात्र मावशीनं परत केले नाहीत.

ती एकोणीस वर्षं गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. सुताच्या कांड्या भरायच्या, धागा तुटला की गाठ मारायची, पुन्हा भरायच्या. मग नवी यंत्रं आली आणि खात्यातल्या बायकांना हिशेब देऊन घरी बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा एकरकमी पैसे हातात आले, आणि दुसऱ्यांदा ते येणार नव्हते, हे तिला सांगायला कुणी लागत नव्हतं. नेमकं त्याच महिन्यात नवऱ्याचं, आनंदाचं, टॅक्सीचं परमिट निघालं. बारा वर्षं तो दुसऱ्याची टॅक्सी भाड्यानं फिरवत होता. आता तीन महिन्यांत स्वतःची गाडी लावायची, नाहीतर परमिट रद्द. नवी गाडी परवडत नव्हती. पेट्रोलची जुनी गाडी घेतली तर कमाई तीच पिऊन टाकणार. राहता राहिली डिझेलची जुनी.

तिकडे गावाहून दिराची, लवूभावजींची, पत्रांवर पत्रं. 'पैसे इकडे पाठवावे. घर शाकारू. वहिनींनी आता गावी येऊन राहावे, मुंबईत काय ठेवले आहे.' म्हणजे गाडी फसली की मावशीनं दिराच्या चुलीपुढे बसायचं, आणि नवऱ्यानं इथं चार पुरुषांच्या खोलीत पथारी टाकायची. मावशी यावर एकदाच बोलली, भाकरी थापता थापता. "मी गावाक जातलंय ती मेल्यावर." आणि भाकरी अशी आपटली की शेजारच्या खोलीतलं मांजर उठून गेलं.

मोटार होती गिरगावात, मुगभाटातल्या श्यामकांतांकडे. जुनं प्रभू घराणं. दारात पितळी पाटी, ओट्यावर वेताची खुर्ची, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्दाला इस्त्री. "या, या ना. बसा. सरबत घ्याल? वाळ्याचं आहे. नाही म्हणू नका हं, आमच्या मंडळींना वाईट वाटतं." थोरल्या भावानं हौसेनं आणवलेली गाडी त्यांच्या माथी आली होती. सात वर्षांची, काळी, आरशासारखी पुसलेली. श्यामकांतांनी चावी फिरवली आणि पहिल्या हिसक्याला इंजीन बोलायला लागलं.

आनंदा तिथंच विरघळला. "बघितलंस गो? लोण्यासारखी चलता!"

मावशी आपल्या तळव्याकडे बघत होती. गाडी सुरू व्हायच्या आधीच तिनं बॉनेटवर तळवा ठेवून पाहिला होता. चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखं होतं ते.

"साहेब, गाडी कुठं जाऊन आली काय?"

"छे छे. आपण येणार होतात, म्हणून तयार ठेवली."

परतीच्या ट्राममध्ये आनंदा मीटर कुठं बसवायचा ते हातानं हवेत दाखवत होता. मावशी म्हणाली, "गरम होती."

"मगे? गरम असलेली वाईट काय?"

"गरम यंत्र खोटा बोलता."

हे तिचं गिरणीतलं शिक्षण. चालत्या खात्यात दुपारी कुठलंही यंत्र गुणी दिसतं. नवीन बाईला यंत्र नेमून द्यायचं असलं की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, हटकून दुपारीच दाखवायचा. शहाणी बाई दुपारी मान डोलवायची, आणि आठवड्याच्या सुट्टीनंतरच्या सकाळी पहिल्या भोंग्याला गुपचूप येऊन उभी राहायची. दिवसभर थंड पडून राहिलेलं यंत्र पहिल्या अर्ध्या तासात आपली सगळी लक्षणं दाखवतं. तेव्हा किती धागे तुटतात ते बघायचं आणि मग हो म्हणायचं की नाही ते ठरवायचं.

आठवड्यानं दोघं पुन्हा गेली. बॉनेट पुन्हा गरम. कारण सरळ होतं. आनंदा सज्जन माणूस, जायच्या आधी पोस्टकार्ड टाकायचाच. न सांगता कुणाच्या दारात उभं राहायचं म्हणजे त्याला चोरी केल्यासारखं वाटे.

आणि मग हरताळ आला. ते दिवसच तसे होते. मुंबईसह महाराष्ट्र झाल्याशिवाय कुणाच्या घशाला विश्रांती नव्हती. समितीनं सांगितलं की गिरण्या बंद, दुकानं बंद, ट्राम बंद, टॅक्सी बंद. रस्त्यावर चाक फिरायचं नाही. मावशी सकाळी बायकांच्या मोर्च्यात घसा बसेपर्यंत ओरडून आली, तांदळाची पेज प्यायली आणि कठड्याला टेकून सुना रस्ता बघत उभी राहिली. बघता बघता तिचा चेहरा उजळला.

"अवो, आज गाडी भायर काढूक मिळाची नाय. दिवसभर उभी. रात्रभर उभी. उद्या पयल्या ट्रामान जावया. धोंड्याकय घेवया."

"कार्ड टाकूक वेळ खय आसा?"

"म्हणानच."

दुसऱ्या दिवशी तिघं मुगभाटात पोचली तेव्हा श्यामकांत ओट्यावर दात घासत होते. तोंडात काळी पूड, खांद्यावर पंचा. एवढ्या सकाळी पाहुणे बघून त्यांनी आधी पंचा सावरला, मग घाईघाईनं चूळ भरली. "अरेच्या! आपण... इतक्या सकाळी? कळवलं असतं तर... थांबा हं, मी गाडी तयार करवतो."

"तयार नको, साहेब," मावशी म्हणाली. "थंड मोटार दाखवा."

श्यामकांतांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांना शिळं जेवण वाढायला सांगितलं. ते काही लबाड नव्हते. त्यांना मनापासून वाटत होतं की, घरी आलेल्या माणसापुढे थंड मोटार ठेवणं म्हणजे थंड चहा ठेवणं. "अहो पण बाई, ते शोभत नाही..."

तेवढ्यात वरच्या खिडकीतून त्यांच्या पत्नी, राजलक्ष्मीबाई, वाकल्या. "अहो, सांगून टाका ना एकदाचं! रोज सकाळी गल्लीतली चार माणसं ढकलतात ते. मला मेलीला रोज चौघांचा चहा करावा लागतो!"

श्यामकांत पंच्याच्या टोकाकडे बघत राहिले.

धोंडू आत बसला. त्यानं बहिणीला दाखवलं की, या गाडीत एक दांडी ओढून धरायची, की समोरच्या जाळीत एक बारीक तार लाल होते. तार लाल झाली म्हणजे इंजीन आतून तापलं, मग सुरू करायचं. त्यानं दांडी ओढली. तार काळी ती काळीच. तरी त्यानं सुरू करून पाहिलं. खर्र... खर्र... ख्याक्. पुन्हा खर्र... खर्र... आणि म्हाताऱ्या माणसाला उठायला सांगितल्यावर तो कूस बदलतो तसं काहीतरी, मग शांतता.

शेवटी ढकलली. आनंदा, धोंडू, पंचा कमरेला खोचून खुद्द श्यामकांत, आणि पदर खोचून मावशी. उतारावर गाडीनं चार गचके खाल्ले, ठक् ठक् ठकाठक् केलं आणि मागून असा पांढरा धूर सोडला की आख्खी गल्ली दिसेनाशी झाली. माडीवरून कुणीतरी बोंब मारली, "अश्रुधूर! आला रे आला! खिडक्या लावा!" धडाधड खिडक्या लागल्या. एका घरातून ओला रुमाल तोंडाला बांधलेला माणूस 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणत बाहेर आला आणि मोटार बघून आत गेला.

धूर विरायला पाच-सात मिनिटं लागली. धोंडू हात पुसत म्हणाला, "बाये, नको. सोड."

"काय मोडलाहा ता सांग. नको ता मागाहून."

धोंडूनं चालत्या इंजिनाचं तेल घालायचं झाकण उघडलं; आतून वारा जोरात आला तर इंजीन झिजलं समजायचं, म्हणाला. मावशीनं त्या भोकावर तळहात धरला. एकोणीस वर्षं धाग्याचा ताण ओळखणारा हात तो. "वारो मारता, पण जोरात नाय. धूर पण गेलो बघ. मगे इंजान बरा?"

"इंजान तसा बरा असा," धोंडूला कबूल करावं लागलं. "तापवणारे प्लग चार. एका माळेतल्या दिव्यांसारखे. एक जळलो की चारय काळोखात. एक गेलोहा."

"चारय नवे घातले तर थंड सुरू होतली?"

"होयत. नायतर नायसुद्धा. मी काय देव असंय?"

मावशी श्यामकांतांकडे वळली. तिचं शुद्ध बोलणं ऐकलं की समजावं, आता ही मागे फिरणार नाही. "साहेब, प्लग तुम्ही आणायचे, माझा भाऊ बसवील. आजच. मग गाडी इथंच बंद करून ठेवायची, आणि चावी मी घरी नेणार. उद्या पहाटे येते. ढकलल्याशिवाय सुरू झाली तर घेतली. नाही झाली तर चावी तुमची, गाडी तुमची, राग नाही."

"चावी?" श्यामकांत म्हणाले. मुगभाटातल्या सात पिढ्या त्या एका शब्दात दचकल्या.

खिडकीतून आवाज आला, "द्या हो! उद्याचा चार कप चहा तरी वाचेल."

चारही प्लग बसवून तिघं परतली, आणि त्या संध्याकाळी आमच्या मजल्यावर सगळे मावशीच्या विरुद्ध होते. मालन म्हणाली, धूर सोडणारी गाडी वरातीला कोण नेईल. धोंडू म्हणाला, मी नको म्हटलंय, नंतर माझ्या नावानं बोटं मोडू नको. आनंदा तर नुसता फेऱ्या मारत होता. "जाव दे गो. दुसरी बघूया."

"दुसरी पण जुनीच असतली ना? तिची खोड काय ता माका ठावक नाय. हिची कळली." पदराच्या गाठीतली चावी तिनं चाचपली. "चौदा नंबरच्या यंत्रार कोण उभी रवत नव्हती. पयलो अर्धो तास नुसते धागे तोडायचा. मी अर्धो तास आधी जायचंय, हातान फिरवून ठेवायचंय. एकोणीस वर्सां पोट भरलंय त्याच यंत्रार."

"आणि उद्या नाय सुरू झाली तर?"

"तर नाय. तेच्यासाठीच तर चावी हाडलंय."

पहाटे गाडीच्या काचेवर दव होतं. श्यामकांत या वेळी सदरा-टोपी घालून तयार उभे, आणि वर खिडकीत राजलक्ष्मीबाई. मावशीनं बॉनेटवर तळवा ठेवला. नळाच्या पाण्यासारखं गार. तिनं गाठ सोडली आणि चावी आनंदाच्या हातात दिली. आनंदानं चावी आधी उलटी घातली, मग आडवी. शेवटी तिनंच ती लावली आणि म्हणाली, "ओढा."

त्यानं दांडी ओढली. तार काळी. धोंडूनं मान फिरवली. मावशी मनात आकडे मोजत होती, ओठ तेवढे हलत होते. वीसपर्यंत काही नाही. मग जाळीत एक बारीक तांबडी रेघ उमटली, उदबत्तीच्या टोकाएवढी, आणि बघता बघता लालभडक झाली.

"आता!"

खर्र... खर्र... ठक्. एक ठोका. मग काही नाही. मग ठक्, ठक्... ठकठक... ठकाठक ठकाठक, आणि गाडी अंगभर हलायला लागली, दिवे, दारं, आरसा, आनंदाची टोपी, सगळं एकदम. धूर निघाला, पण कुणी खिडकी लावण्याएवढा नाही. मावशीनं तो पूर्ण जाईपर्यंत, मागे उभं राहून, नाक न दाबता पाहिला. मग पुढे आली आणि पिशवीतून पैशांची पुरचुंडी काढून श्यामकांतांपुढे धरली.

"घेतली, साहेब."

"बाई," श्यामकांत म्हणाले, "चहा घेऊन जा. गरम आहे."

आता माझ्या पैजेचं. आदल्या संध्याकाळी सगळ्यांच्या नादानं मीही, चाळभर नकला करत फिरणारी पोर, कठड्यावरून बोलून बसले होते, "मावशी, ती खोकते नुसती, काही सुरू होत नाही. तू हात हलवत परत येशील. पैज!" धोंडूमामानं सांगताना काढलेली मोटारीची खर्र-खर्र-ख्याक् मी दहा वेळा करून दाखवली होती आणि सगळा मजला हसला होता. एक मावशी सोडून. ती म्हणाली होती, "हरलंस तर म्हयनोभर कोणाचीच नक्कल करूची नाय. लावतंस?" मी लावली.

सकाळी साडेसातला चाळीपुढे हॉर्न वाजला. मालन पेढे मागायला धावली. मी हरले होते. तोंडानं नक्कल करायची नाही, महिनाभर, मोटारीचीसुद्धा नाही. लिहिण्याबद्दल काही ठरलं नव्हतं.